कीथच्या आईचा वॉल्ट्झ

कॅनबेरातल्या मराठी मंडळींत माझी ओळख एका वाक्यात आटोपते: "माइक शिट्टी मारतोय, वृषालीला बोलवा." गणपतीत आरती सुरू झाली आणि स्पीकर केकाटला, की लोक देवाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात. मी हातातला टाळ कोणाच्या तरी हातात कोंबून उठते, माइक स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला करते, आणि सगळे काका-काकू चमत्कार झाल्यासारखे हसतात. काहींना मी डीजे वाटते. एका बाईंनी तर मुलाच्या मुंजीनंतरच्या पार्टीसाठी माझा रेट विचारला होता!

यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई हात धुऊन मागे लागल्या, तेव्हा म्हटलं सांगूनच टाकू. मी इथल्या गावागावांत फिरून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची रेकॉर्डिंग करते. स्टुडिओबिडिओ नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात, मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये, चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे ते एरवी वाजवतात तिथेच मी माझे पेटारे घेऊन पोचते. जुनी बुश गाणी म्हणजे इथल्या रानावनातली लोकगीतं, नाचाचे ट्यून, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, आणि ब्लूग्रास नावाचं एक बँजो-मँडोलिनचं प्रकरण, जे अमेरिकेतून आलं आणि इथल्या शेतकऱ्यांनी घरचं करून टाकलं. हे सगळं एका सरकारी संग्रहासाठी, कॉन्ट्रॅक्टवर. "पण मग ते ऐकतं कोण?" असा प्रश्न माझ्या नवऱ्याने, अभयने, पहिल्याच वर्षी विचारला होता. मी चिडले होते, कारण उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं.

या धंद्यात कान बिघडतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बहिरे होत नाहीत, उलटे होतात. लोकांना गाणं ऐकू येतं, मला गाण्याभोवतीचा आवाज ऐकू येतो. खुर्चीची कुरकूर, खिडकीवरची माशी, दोन शेतं पलीकडचा ट्रॅक्टर. सगळ्यात मोठा शत्रू फ्रीज. माणसाच्या कानाला त्याची घरघर जाणवत नाही, माइक ती इमानेइतबारे टिपून ठेवतो. म्हणून आम्ही कोणाच्याही घरी गेलो की आधी परवानगी घेऊन फ्रीज बंद करतो, आणि आपल्या गाडीची किल्ली त्या फ्रीजमध्ये ठेवतो. का? तर निघताना किल्ली काढायला फ्रीज उघडावाच लागतो, आणि मग तो चालू करायचं आठवतं. नाहीतर यजमानांचं महिन्याचं मटण पाण्यात. माझ्या लेकीला, रेवाला, लहानपणी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मम, दॅट्स सो रँडम." पण परवा पास्ता उकळायला ठेवून तिने स्वतःचा फोन भांड्याशेजारी ठेवलेला मी बघितला.

गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. मिल्डुराच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यांत टोंगा बेटावरून तोडणीला आलेली मंडळी आहेत. रविवारी पॅकिंग शेडमध्ये ती गॉस्पेल गातात. आधी आवाजाची पातळी ठरवावी म्हणून मी म्हटलं, "जरा मोठ्याने गाऊन दाखवा." ते बिचारे सभ्यपणे गायले. मी त्या बेताने मशीन लावलं. मग खरी प्रार्थना सुरू झाली आणि अहाहा! पत्र्याची शेड थरथरायला लागली, माझ्या मशीनवरचे आवाज मोजणारे सगळे काटे लाल! मी बटणं पिळत राहिले. नंतर त्यांच्या म्होरक्याला विचारलं, "मघाशी असं का नाही गायलात?" तो म्हणाला, "मघाशी तुझ्यासाठी गात होतो."

आणि ब्लूग्रासवाले? त्यांचा हट्ट असतो, माइक एकच हवा. चार-पाच जण त्याच्याभोवती कोंडाळं करतात, ज्याची पाळी तो पुढे सरकतो, दुसरा मागे होतो. न ठरवता, न बोलता, कोपराला कोपर न लागता. मला ते बघताना आमच्या चिंचवडच्या घरातला सकाळचा ओटा आठवतो, आई, काकू आणि आजी एकाच वेळी तिथे काम करायच्या. एक दातांचा डॉक्टर मात्र बँजो घेऊन पुढे यायचा तो मागे जायचाच नाही. त्याला शेवटी बाकीच्यांनी पट्ट्याला धरून मागे ओढला. तोही आवाज माझ्याकडे आहे.

हे झालं रोजचं. पण कीथचं काम ऑफिसात मला अजून विचारतात, आणि देण्यासारखी फाइल माझ्याकडे नाही.

कीथची मुलगी लीअ‍ॅन रिव्हरिनातल्या एका लहानशा गावात बेकरी चालवते. तिनेच फोन केला होता. "डॅडची बोटं आखडत चालली आहेत. त्याच्या आईने केलेला एक वॉल्ट्झ आहे, तो आता फक्त त्यालाच येतो. गावात दुसऱ्या कोणाला नाही. तू लवकर ये." वॉल्ट्झ म्हणजे जोडीने नाचायचा तीन मात्रांचा ट्यून, आपल्या दादऱ्याचा चुलतभाऊ समजा. मी कॅनबेरातल्या आमच्या गंगालिनहून शनिवारी सकाळी निघाले, गाडीची काच पुसत, कारण थंडी मरणाची होती.

कीथने ऐंशी कधीच ओलांडलेली. उंच, वाकलेला, बोलताना आधी हसून घेणारा. हातात बटणांचा जुना अकॉर्डियन. चहा झाला, मी फ्रीज बंद केला, किल्ली आत ठेवली, माइक मांडला. गडी एकापाठोपाठ एक पोल्का, म्हणजे उडत्या दोन मात्रांच्या नाचाचे ट्यून, वाजवत सुटला, सगळे मी घेतले. मग म्हटलं, "आता आईचा वॉल्ट्झ." त्याने अकॉर्डियनचा भाता मिटला आणि वरचा पट्टा लावून टाकला.

"तो नाही."

"का?"

"पलीकडच्या रस्त्यावरचा कॉलिन आठवतो? त्याचे ट्यून तूच नेलेस ना?"

"हो." कॉलिन चांगला आठवत होता. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा, सुरेख.

"छान काम केलंस. कॉलिन गेला तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, त्याचे ट्यून कॅनबेरात आहेत. तेव्हापासून या गावात त्यातला एकही कोणी वाजवला नाही. कशाला वाजवतील? आहेत ना!"

माझं डोकं तापलं. एवढा पल्ला गाडी मारून यायचं, आणि वर आपल्याच कामाचा पंचनामा ऐकायचा! मी म्हटलं, "मग काय, तुझ्याबरोबर जाऊ द्यायचा का तो?" लीअ‍ॅनने माझ्याकडे बघितलं, पण कीथला राग आला नाही. तो कुतूहलाने माझ्या हातांकडे बघत होता.

"तुला काही वाजवता येतं?"

"पेटी. हार्मोनियम. लहानपणी क्लासला जायचे, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात."

"ती काय असते?"

मी सांगितलं. लाकडी खोकं, मागे भाता, आत पितळेच्या पट्ट्या, हवा गेली की वाजतात. तो खूश झाला. "म्हणजे हाच की! फक्त तुझा बसून राहतो." मग त्याने अट घातली. मी तो वॉल्ट्झ शिकायचा. मशीन गाडीत, फोनही गाडीत. आणि शिकून झालं की गावच्या हॉलमध्ये, माणसं नाचत असताना वाजवायचा. "मग तू हवं ते कर," म्हणाला.

निघताना लीअ‍ॅन गाडीपर्यंत आली. वृषाली तोंडात बसेना, म्हणून मी त्यांची व्ही. "व्ही, पुढच्या वेळी फोन खिशात चालू ठेव ना. त्याला काय कळणार?"

"नाही गं. समोरच्याने हो म्हटल्याशिवाय आम्ही लाल बटण दाबत नाही."

"तुझे नियम छान आहेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "पण तुला जमलं नाही तर माझ्या आजीचा ट्यून गेला. मला वाजवता येत नाही. मी कधी शिकले नाही, मला वाटायचं डॅड आहे ना." एप्रनला हात पुसत ती आत निघून गेली. ती म्हणत होती ते खरंच होतं.

शिकायला लागले आणि माझी चांगलीच फजिती झाली. मला लक्षातच राहीना! जन्मभर मशीन लक्षात ठेवत आलं, मी फक्त काटे बघत आले. कीथ एक तुकडा वाजवायचा, मी पेटीवर उचलायचे, जमायचा. दुसरा उचलेपर्यंत पहिला गायब. परतीच्या वाटेवर गुणगुणत यायचे, तर यास गावापर्यंत पोचेतो त्यात कुठलं तरी भावगीत घुसलेलं असायचं. शेवटी मी आमच्या पद्धतीने सरगम पुटपुटायला लागले.

"हे काय मंत्र म्हणतेस?" कीथने विचारलं.

"सुरांची नावं आहेत आमच्यातली. सा, रे, ग."

"आणि हा?" त्याने एक बटण दाबलं.

"तू जिथून सुरू करतोस तो सा."

"म्हणजे सा कुठेही असू शकतो?" त्याला भारीच गंमत वाटली. तो एकेक बटण दाबून विचारत बसला, आणि त्या दिवशी वॉल्ट्झ बाजूलाच राहिला. पुढच्या खेपेला दारातच ओरडला, "सा आला का, व्ही?"

घरी जेवणाच्या टेबलावर पेटी मांडून मी तासन् तास घासायचे. अभय आधी म्हणायचा, "परत तेच?" मग तोच भांडी लावताना ते गुणगुणायला लागला. रेवा जिन्यावरून उतरताना अगदी नेमका, माझ्याहून बरा. मला मेलीला मात्र हिवाळा संपेपर्यंत झगडावं लागलं.

त्या वॉल्ट्झच्या दुसऱ्या भागात एक गोष्ट मला फार आवडायची. सूर वर वर चढत जातो, आता टोकाला पोचणार, आणि नेमका तिथे क्षणभर सगळं थांबतं. काहीच वाजत नाही. मग अलगद खाली उतरतो. वा! आपल्याकडे मैफलीत अशा ठिकाणी माना डोलतात, काय जागा घेतली म्हणून. मी ती जागा जीव लावून घोटली. अभयला मुद्दाम ऐकवायचे, तोही 'क्या बात है' म्हणायचा. कीथच्या आईला ही कल्पना सुचली तरी कशी, असा विचार मी गाडी चालवताना कितीदा केला असेल.

वसंत आला, मोहरीसारख्या कनोलाची शेतं पिवळी झाली, आणि लीअ‍ॅनचा फोन आला. कीथला आता एकट्याने राहणं जमेना, दोनदा पडला होता. महिनाअखेर त्याला वागा शहरातल्या केअर होममध्ये हलवणार होते. "शनिवारी हॉलमध्ये दुपारचा डान्स ठेवलाय. तो जायच्या आधीचा शेवटचा. तुझी तयारी आहे?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवून पेटी उघडली. ज्याला विचारून चूक सुधारायची तो माणूस पुढच्या महिन्यात या गावात नसणार होता.

हॉल म्हणजे पत्र्याच्या छपराचा, लाकडी जमिनीचा, एका कोपऱ्यात किचनची खिडकी, तिथून चहा आणि लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केक, बाहेर येतात. गाव झाडून आलं होतं. अभय आणि रेवाही आले होते, रेवा मोजे घालून गुळगुळीत जमिनीवर घसरून बघत होती. मी स्टेजवर टेबलावर पेटी मांडली, मशीन गाडीतच राहिलं. एका आजींनी जवळ येऊन विचारलं, "डिअर, हे शिवणयंत्र आहे का?" कीथने खुर्चीत बसून दोन-तीन पोल्का वाजवले, बऱ्याच चुका करत. बोटं ऐकत नव्हती. मग त्याने अकॉर्डियन खाली ठेवला आणि म्हणाला, "आता व्ही. आईचा वॉल्ट्झ."

मी भाता मारला आणि सुरू केलं. गिटारवाला ब्रूस माझ्या हातांकडे बघत अंदाजाने साथ देऊ लागला. पहिला भाग नीट गेला. माणसं जोड्या करून उठली. मी जरा धीर करून मान वर केली, तर कीथची खुर्ची रिकामी.

तो हॉल ओलांडून चालला होता, भिंतीला हात लावत. किचनच्या खिडकीशी थांबला. आत लीअ‍ॅन लॅमिंग्टन मांडत होती. त्याने हात पुढे केला. तिला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, इतकं मोठ्याने की मला स्टेजवर ऐकू आलं, "डॅड, तू नाचत नाहीस!"

ब्रूस वाजवता वाजवता माझ्याकडे झुकला. "याला मी जन्मात नाचताना बघितलेलं नाही. बघणार कसा? याच्या आईने पोरवयात याच्या मांडीवर तो खोका ठेवला आणि स्वतः नाचायला गेली. तेव्हापासून हा वाजवतोय. तो वॉल्ट्झ दुसऱ्याला येत असता तर हा उठला असता ना."

कॉलिनचं त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं. पण त्याला हेही हवं होतं, आणि हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

लीअ‍ॅन एप्रन न काढताच बाहेर आली. ती दोघं नाचायला लागली. कीथला येत होतं! आयुष्यभर स्टेजवरून पावलं बघितलेला माणूस, पाय थकलेले पण ताल पक्का. मग दुसरा भाग आला, सूर चढत गेला, मी माझी लाडकी जागा घेतली, आणि कीथचं पाऊल हवेत राहिलं. तो अडखळला. लीअ‍ॅनने त्याला घट्ट धरला म्हणून, नाहीतर पडलाच असता.

"व्ही!" तो तिथूनच ओरडला. "तिथे सूर आहे! ते माझं बोट आहे, ट्यून नाही!"

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि मग उमगलं. म्हणजे ती जागाबिगा काही नव्हती, त्याचं आखडलेलं बोट त्या बटणापर्यंत पोचतच नव्हतं, आणि मी ते दुखणं सुरासकट पाठ केलं होतं! पहिल्या दिवशी मशीनवर घेतलं असतं, तर संग्रहात तेच कायमचं राहिलं असतं. आणि आता तिथे कोणता सूर आहे हे मला कुठे माहीत होतं? या सगळ्या खोलीत तो एकालाच ठाऊक होता. माझे हात वाजवत होते, पहिला भाग परत आला होता, दुसरा जवळ येत होता. मी पेटीवरून ओरडले, "कोणता?"

कीथ नाचत नाचत स्टेजच्या बाजूला आला. दुसरा भाग चढायला लागला. त्याने मान वर केली, आणि नेमक्या ठिकाणी फाटक्या आवाजात गायला, "साऽऽ!"

वरचा सा. साधा, सरळ, वरचा सा. पुढच्या फेरीला मी तो वाजवला, आणि त्याचं पाऊल जमिनीवर बरोबर पडलं. कीथने डोळे मिटले. आईच्या हातून तो ट्यून जसा वाजायचा तसा त्याने शेवटचा कधी ऐकला असेल, कोण जाणे. लीअ‍ॅनने कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं. ती रडत होती आणि हसत होती, आणि कीथच्या चांगल्या कोटावर पाठीवर तिच्या हाताचं चॉकलेट लागलं होतं. बाकीच्या जोड्या हळूहळू कडेला झाल्या आणि मधे ती दोघंच राहिली. मलाही समोरचं धूसर दिसायला लागलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

वॉल्ट्झ इतका लांब वाजवत नाहीत. चार फेऱ्या झाल्या की संपवायचा असतो. माझा डावा हात भाता मारून मारून खांद्यापासून भरून आला होता. ब्रूस भुवया उंचावून विचारत होता, संपवू या का? मी कीथकडे बघितलं. तो फेऱ्या मोजत असावा; त्याने डोळे न उघडता नकारार्थी मान हलवली, मीही ब्रूसला तशीच हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.